बेकारपदी किसन धाडवे यांची नेमणूक

जागतिक मंदी फुजैऱ्यात पोचायला थोडा उशीर झाला, कारण दुबई आणि फुजैऱ्याच्या मध्ये डोंगर आहेत. दुबईत क्रेन थांबल्या तरी इकडे तेलाच्या टाक्यांभोवती परांच्या चढतच होत्या. मग २००९ सालच्या एका रविवारी सकाळी कामगारांची बस साइटवर न जाता कॅम्पच्या दारातच उभी राहिली. ड्रायव्हर उतरून सावलीत जाऊन बसला, आणि मंदी आली हे सगळ्यांना कळलं.

किसन धाडवे हा त्या बसमधला परांची बांधणारा गडी. संगमेश्वराकडच्या एका वाडीतला. पुढच्या काही आठवड्यांत कंपनीने त्याच्या बरोबरीच्या काहींना काढून घरी पाठवलं, काहींना दुबईतल्या मुहैस्नाच्या कॅम्पात हलवलं. किसनच्या बाबतीत दोन्ही झालं नाही. त्याला कुणी काढलं नाही, पण त्याचं वर्क परमिट मात्र मुदत भरून संपलं. खोलीत आता तो एकटाच उरला होता. शेवटी अंगावर धुतलेला शर्ट चढवून तो कंपनीच्या ऑफिसात गेला.

तिथे मनुष्यबळ विभागात प्रकाश सबनीस बसत. ठाण्याचे, एमबीए झालेले, बायको आणि मुलीसह फुजैऱ्यात स्थायिक. किसन समोर उभा राहिला.

"साहेब, माजा पासपोर्ट द्या नि तिकीट द्या. मी घरी जातो."

"तिकीट कशाबद्दल? तुला टर्मिनेट केलंय का?"

"नाय."

"राजीनामा दिलायस?"

"नाय."

"मग तू आमचा एम्प्लॉयी आहेस. एम्प्लॉयीला असं मध्येच घरी जाता येत नाही."

"मंग काम द्या."

"काम कसं देणार? तुझं परमिट एक्स्पायर झालंय."

"मंग मी तुमचा नाय."

"तसं कुठे म्हटलंय कुणी?" प्रकाशने समजुतीच्या सुरात सांगितलं. कंपनी ज्याला काढते त्याला तिकीट देते. पण ज्याचं परमिट चालू आहे त्यालाच काढता येतं. संपलेल्या परमिटचा माणूस सिस्टीममध्ये दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला काढणार कसं? राजीनाम्याचंही तेच. शिवाय राजीनामा देणाऱ्याने परमिटचा खर्च भरायचा आणि तिकीटही स्वतःच काढायचं.

"मंग मी करू काय?"

"थांब. इन्शाल्ला होईल काहीतरी."

किसन थांबला. थांबण्याखेरीज त्याच्याकडे काही नव्हतंच. तो इकडे आला तेव्हा त्याच्या बायकोला, सगुणाला, सहावा महिना होता. लेक झाली, तिचं नाव संजना ठेवलं, ती रांगली, चालली, हे सगळं त्याने फोनवर ऐकलं होतं. आता ती फोन हिसकावून घेऊन त्यात 'कोन? कोन?' असं ओरडायची. त्या प्रश्नाचं तिला पटेल असं उत्तर किसनला देता येत नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीच्या दुबईतल्या मुख्य ऑफिसने 'दिलासा' नावाची योजना जाहीर केली. मंदीतही आम्ही कामगाराला वाऱ्यावर सोडत नाही, अशी तिची प्रस्तावना होती. बेकार झालेल्या परदेशी कामगाराला कंपनी दरमहा भत्ता देणार होती. अटी दोनच होत्या. अर्जदार बेकार असावा, आणि त्याच्याकडे चालू वर्क परमिट असावं.

प्रकाशने कसून छाननी केली. ज्यांना काढलं होतं त्यांची परमिटं त्याच दिवशी रद्द झाली होती, म्हणून ते अपात्र. ज्यांची परमिटं चालू होती ते कामावर होते, म्हणून तेही अपात्र. किसनला कामही नव्हतं आणि परमिटही नव्हतं, त्यामुळे त्याची अपात्रता परिपूर्ण होती. प्रकाशने मुख्य ऑफिसला कळवलं की योजना अत्यंत सुरळीत चालू असून अद्याप एकाही अपात्र व्यक्तीला लाभ मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुबईहून शुभ्रा कीर्तने यांचा फोन आला. त्या कल्याण विभागाच्या प्रमुख होत्या.

"प्रकाश, रिपोर्ट छान आहे. पण वार्षिक सभेत भागधारकांना दाखवायला मला एक चेहरा हवाय. एक तरी बेकार दे मला. एवढी मोठी ब्रँच आहे तुझी, आणि एक धड बेकार नाही?"

"मॅडम, आहेत खूप. पण एलिजिबल नाहीत."

"मग एलिजिबल कर. नाहीतर ब्रँचला मनुष्यबळ विभागाची गरज आहे का, तेही बघावं लागेल."

प्रकाशने हातातला समोसा खाली ठेवला. त्याने परमिटची सगळी कामं बघणाऱ्या हमीदला बोलावलं. हमीद कालिकतचा, सगळ्या काउंटरवर ओळखी असलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, सुलेमानी चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "प्रकाशभाई, बेकार आदमी को परमिट नहीं मिलता. नौकरीवाले को मिलता है. तो बेकार को बेकार की नौकरी दे दो ना. खलास."

प्रकाशने आधी हसून घेतलं. मग त्याला जाणवलं की यात नियमाचा कुठेही भंग होत नाही. आठवड्याच्या आत मुख्य ऑफिसची मंजुरी आली. पदनाम: बेकार, श्रेणी एक. मंजूर पदं: एक.

"पण साहेब, मला घरी जायाचाय," किसन म्हणाला.

"अरे, त्यासाठीच तर हे! आधी सिस्टीममध्ये ये. एकदा सिस्टीममध्ये आलास की वार्षिक सभा झाल्यावर तुला टर्मिनेट करतो. मग पासपोर्ट, तिकीट, सगळं. यल्ला, अंगठा लाव."

घरी जायचा रस्ता नोकरीतून आहे हे ऐकून किसनने अंगठा लावला.

नोकरी सोपी नव्हती. सकाळी आठला हजर व्हायचं आणि रिसेप्शनमध्ये प्लॅस्टिकच्या झाडाशेजारच्या खुर्चीत बसायचं. गळ्यात ओळखपत्र, त्यावर फोटो आणि खाली 'बेकार'. ड्युटीच्या वेळेत कसलंही काम करायचं नाही. काम शोधणं हा कराराचा भंग. डुलकी काढायचीही बंदी, कारण झोपलेला माणूस बेकार आहे की नुसताच दमलेला आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. एकदा कॅम्पची गाडी उशिरा आली, तर त्याची अर्ध्या दिवसाची बेकारी कापली गेली आणि ती त्याला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, येऊन भरून द्यावी लागली.

उंचावर, उन्हात, वाऱ्यात पाइप बांधणाऱ्या माणसाला हे जड गेलं. पहिल्याच आठवड्यात त्याची कंबर धरली. समोरच्या काचेतून समुद्र दिसायचा, आणि बंदराबाहेर मालावाचून उभी असलेली जहाजं. किसन त्यांच्याकडे बघत बसायचा.

"काम कसला हाय?" सगुणाने फोनवर विचारलं.

"काय नाय."

"सांगा ना वो. मी कोनाला सांगनार नाय."

"अगो, काय नाय हाच काम हाय. खुर्चीत बसायचा. एसी हाय."

मग सगुणा हळूच म्हणाली, "तुमी सायब झालात?"

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून निरोप आले, आमच्या पोराचंही तिकडे बघा.

फुजैऱ्यातल्या मराठी मंडळींनीही दखल घेतली. ही मंडळी थोडकी, पण सगळी पदाधिकारी होती. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात प्रकाशची पत्नी विभावरी सूत्रसंचालनाला होती. तिने किसनला शाल आणि नारळ देण्याचं सुचवलं.

"आपण नेहमी डॉक्टर, इंजिनीअर यांचा सत्कार करतो," ती माइकवर म्हणाली, "पण आज आपल्यामध्ये असा एक माणूस आहे, जो परक्या देशात, केवळ स्वतःच्या हिमतीवर, बेकार झाला आहे."

टाळ्या पडल्या. एका पदाधिकाऱ्याने सांगितलं की मराठी माणूस कुठल्याही क्षेत्रात मागे नाही. किसनला बोलायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला घरी जायाचाय." त्यावर लोकांचे डोळे पाणावले. मातृभूमीची ओढ यावर आणखी दोघांनी भाषणं केली, आणि मग सगळ्यांनी श्रीखंड-पुरी खाल्ली. प्रकाशची मुलगी मैथिली तेवढी वडिलांना म्हणाली, "Baba, why don't you just send him?" प्रकाशने तिला पुरी वाढली.

सभेच्या आधी शुभ्रा मॅडम स्वतः पाहणीला आल्या. त्यांनी किसनभोवती एक चक्कर मारली.

"ऑइल कशाला लावलंय केसांना? इतका तुकतुकीत बेकार कुणाला खरा वाटेल? आणि बॉडी लँग्वेज बघ. पुढाकार दिसत नाही."

"मॅडम, पुढाकार घेतला तर कराराचा भंग होतो," प्रकाशने नम्रपणे आठवण करून दिली.

"बरोबर. मग तसं लिहू. पुढाकाराचा अभाव: उत्कृष्ट."

वार्षिक सभा थाटात झाली. पडद्यावर किसनचा चेहरा मोठा करून दाखवला, भागधारक उभे राहिले. 'दिलासा'ला शंभर टक्के यश मिळालं होतं, कारण एकूण पात्र बेकार एक आणि लाभार्थीही एकच. प्रकाशच्या दारावर नवी पाटी लागली: प्रमुख, बेकार संवर्ग.

किसन त्या पाटीखालून आत गेला.

"साहेब, सभा झाली. काडा मला."

प्रकाशने फाइल उघडली, मिटली, पेन शोधलं. ते खिशातच होतं. "किसन, आत्ता काढता येणार नाही रे. तुझं काम इतकं चांगलं आहे की कारण काय दाखवू? आणि तुला काढलं तर संवर्गात उरणार कोण?"

"तुमी शब्द दिला हुता."

"शब्द आहेच. पुढच्या वर्षी बघू ना."

किसन बाहेर येऊन खुर्चीत बसला. त्याने पहिल्यांदाच हाताच्या मुठी आवळल्या. संजना आता 'बा' म्हणायला शिकली होती, आणि शेजारच्या घरातल्या तिच्या चुलत्याला म्हणत होती. सगुणाने ते हसत हसत सांगितलं होतं. पण हसता हसता मध्येच ती थांबली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा-पाणी बघणाऱ्या बानूला पाण्याची मोठी बाटली उचलून कूलरवर चढवता येईना. किसन खुर्चीतून उठला, बाटली खांद्यावर घेतली आणि चढवली. सगळ्यांच्या देखत, कॅमेऱ्याच्या समोर. मग फडकं घेऊन काच पुसली. करकरणाऱ्या दाराला तेल घातलं. बानू घाबरून म्हणाली, "भाईसाब, बैठ जाओ, आपकी नौकरी चली जाएगी!"

"जाने दो ना," किसन म्हणाला, आणि त्याने झाडूही मागून घेतला.

रीतसर चौकशी बसली. आरोप गंभीर होता. ड्युटीच्या वेळेत सदर कर्मचारी काम करताना आढळला. या कार्यालयात अशी घटना पूर्वी घडल्याची नोंद नव्हती.

"आरोप मान्य आहे?" प्रकाशने विचारलं.

"व्हय साहेब. आनि सोडलात तर परत करीन."

"पश्चात्ताप?"

"नाय."

किसन दोषी ठरला तर कामावरून जाणार, आणि त्याच्यामागून प्रकाश. शेवटी त्याने निर्णय लिहिला: कामाची सवय जुनी व ग्रामीण पार्श्वभूमीतून आलेली आहे. हा पहिलाच गुन्हा आहे. सदर बेकार देखरेखीशिवायही सक्षम असल्याचे दिसते. सक्त ताकीद देऊन सोडण्यात येत आहे. झाडू कुलपात ठेवावा.

हा अहवाल शुभ्रा मॅडमनी बारकाईने वाचला. तोवर मंदी आणखी खोल गेली होती आणि मुख्य ऑफिस खर्च कुठे कमी होतो ते शोधत होतं.

"प्रकाश," फोनवर त्यांचा आवाज फार गोड होता, "तूच लिहिलंयस की तो देखरेखीशिवाय सक्षम आहे. मग देखरेख कशाला? महिनाअखेरपर्यंत हँडओव्हर देऊन टाक. तुझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा."

प्रकाश घरी गेला तेव्हा विभावरी इस्त्री करत होती. त्याने सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. गाडीचं कर्ज होतं, मैथिलीची शाळा होती, ठाण्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला होता.

"ठाण्यात काय सांगायचं रे?" तिने शेवटी विचारलं.

तो प्रश्न ऐकला आणि प्रकाशच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तो बेकार होता आणि हँडओव्हरसाठी त्याचं परमिट महिनाअखेरपर्यंत चालू होतं. संपूर्ण अमिरातीत 'दिलासा'च्या दोन्ही अटी नैसर्गिकरीत्या पूर्ण करणारा तो पहिला माणूस होता. त्याने हमीदला फोन लावला.

"पात्र तो हो, प्रकाशभाई," हमीद म्हणाला, "लेकिन वेकन्सी किधर है? पोस्ट एक ही है."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश रिसेप्शनमध्ये येऊन उभा राहिला. किसन बसलेला होता.

"किसनराव, जरा बोलायचं होतं. बसू का?"

"खुर्ची एकच हाय, साहेब."

प्रकाश उभ्यानेच बोलला. कर्ज, शाळा, ठाणे. "तुम्ही राजीनामा दिलात तर माझं काम होईल."

"तुमी मला काडा. तिकीट द्या नि काडा. मी आत्ता जातो."

"मी कुणाला काढू शकत नाही हो आता. मलाच काढलंय."

किसनने त्याच्याकडे पाहिलं. त्याला राग यायला हवा होता, निदान त्याने तशी तयारी तरी केली होती. पण समोरच्या माणसाचे हात कापत होते, आणि कापणाऱ्या हाताच्या माणसाला परांचीवर कुणी ओरडत नाही.

"राजीनाम्यात तिकीट माजा मला काडाया लागेल," तो म्हणाला. "आनि परमिटाचा खर्च. तो कुठनं आनू?"

"मी भरतो."

प्रकाशने ती रक्कम दिरहॅममध्ये ऐकली तेव्हा त्याला बरं वाटलं. मग सवयीने त्याने ती रुपयांत केली, आणि भिंतीला टेकला. पण भरली. हमीदने दोन दिवसांत पासपोर्ट आणून दिला. निघताना किसनने खुर्चीची गादी झटकली आणि ती प्रकाशच्या बाजूला वळवून ठेवली.

"दुपारचा जड जातो, साहेब. जेवून आल्यावर जहाजांकडं बगत ऱ्हावा. नि पाय हलवू नका, क्यामेऱ्यात दिसता."

"थँक यू," प्रकाश म्हणाला, आणि बसला.

किसन वाडीत पोचला तेव्हा संजना त्याला बघून आजीच्या पदराआड पळाली. तिला बाहेर काढायला चार दिवस आणि एक प्लॅस्टिकचा उंट लागला. सगुणाने पहिल्याच संध्याकाळी त्याचे हात हातात घेतले आणि ती दचकली.

"मऊ झालेत," ती म्हणाली. "परक्या मानसाचे वाटतात."

"व्हतील परत," किसन म्हणाला. आठवडाभरात तो देवरुखात एका इमारतीच्या परांचीवर चढला. पहिल्या दिवशी त्याच्या तळव्यांना फोड आले आणि त्याने ते सगुणाला कौतुकाने दाखवले. वाडीचं मत मात्र त्याच्याबद्दल फार वाईट झालं. बसून खायची नोकरी, वर एसी, आणि हा गडी ती सोडून आला! लग्नकार्यात लोक त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना समजावू लागले.

प्रकाशचं उत्तम चाललं. तो शिकलेला असल्यामुळे त्याची बेकारी किसनपेक्षा कितीतरी सफाईदार होती. त्याला कंबरेचा त्रास झाला नाही, कारण मनुष्यबळ विभागात त्याला सरावच होता. विभावरी ठाण्याला फोनवर सांगायची, "अगं, आता तो कॉर्पोरेट रिलीफमध्ये आहे. हेड ऑफिसलाच डायरेक्ट रिपोर्टिंग." शेजारच्या खोर फक्कान गावात कुणाकडे जेवायला गेले की यजमान त्याला आग्रहाने बसायला चांगली खुर्ची द्यायचे.

वर्षभराने मुख्य ऑफिसने ठरवलं की अशी यशस्वी योजना एकाच पदावर रोखून धरणं योग्य नाही. बेकारांची आणखी पदं मंजूर झाली आणि भारतातून भरती करायचं ठरलं. सर्वांत अनुभवी म्हणून फोनवरच्या मुलाखतींचं काम प्रकाशकडे आलं. ते काम नसून मार्गदर्शन आहे, असा खुलासा आधी मिळवूनच त्याने ते स्वीकारलं.

आठवडाभर फोन थांबला नाही. पुण्याहून, ठाण्याहून, नागपूरहून, नाशिकहून. प्रकाशची अशी अपेक्षा होती की मंदीत घरी बसलेली माणसं फोन करतील. पण फोन करणारे जवळजवळ सगळे नोकरीवर होते. काही सरकारी, काही बँकेतले, काही मोठ्या खासगी कंपन्यांतले, आणि एक प्राध्यापक. प्रकाश प्रत्येकाला ठरलेला प्रश्न विचारायचा: "ड्युटीवर बसून, दिवसभर काहीही न करण्याचा पूर्वानुभव?"

एकानेही 'नाही' म्हटलं नाही. कुणी आठ वर्षं म्हणाला, कुणी वीस. एका बाईंनी नम्रपणे विचारलं की परिविक्षाधीन काळातला धरायचा का. सगळे सकाळी अकरा ते साडेपाचच्या दरम्यान बोलत होते, सावकाश, कुठेही घाई नसल्यासारखे, आणि मागे कुणाच्या तरी खुर्च्या सरकल्याचे, चहाचे ग्लास ठेवल्याचे आवाज येत होते.

अजून काही जागा शिल्लक आहेत. आपण हे ऑफिसच्या वेळेत वाचत असाल, तर अनुभवाचा दाखला वेगळा जोडण्याची आवश्यकता नाही.